बाराव्या चित्रातला दिवा

तोमीनने तिचे शेवटचे सोने लावले ते फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाआधीच्या नऊ सकाळींत. मी दिवस मोजून सांगू शकतो, कारण ते पान माझ्या हातचे होते, आणि पानाच्या खालच्या समासात सोने लावण्याची सूचना लिहिली होती तीही मीच. ती सूचना चुकीची होती. मला ते ईस्टरनंतर कळले. तोवर तोमीनला जाऊन पाच आठवडे झाले होते.

मी झर्वे, लेखनिक. सोम्यूरच्या गढीखालून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत माझे घर, आणि माझ्या भिंतीला लागून राउले चित्रकाराचे. तेवीस वर्षे आम्ही एकमेकांकडे पाने सरकवत आलो. आधी मी मजकूर लिहायचा, चित्रासाठी चौकोन कोरा ठेवायचा आणि खाली शिशाच्या कांडीने बारीक अक्षरांत सांगायचे, इथे घोडेस्वार, इथे बाग, इथे मागे सोने. मग राउले रेघा काढायचा. मग त्याची बायको तोमीन सोने लावायची. रंग सगळ्यांत शेवटी, कारण सोने घोटावे लागते आणि घोटताना शेजारचा रंग फासला जातो. पाने बांधायला जाण्यापूर्वी समासातल्या सूचना मी पावाच्या गराने पुसून टाकत असे. ज्याचे पुस्तक, त्याला त्या कधी दिसत नाहीत.

तोमीनचे काम गल्लीत दुसऱ्या कुणाला जमत नव्हते. खडूची पूड, शिशाचा सफेदा, चिमूटभर तांबडी माती आणि सरस यांचा लेप ती चर्मपत्रावर चढवायची, तो वाळला की सुरीने तासून गुळगुळीत करायची. मग पिसाच्या पोकळ नळीतून त्यावर तोंडाची वाफ सोडायची. वाफेने सरस क्षणभर ओला होतो आणि तेवढ्या क्षणात सोन्याचा वर्ख टेकवावा लागतो. वर्ख उचलताना मात्र श्वास रोखायचा, नाहीतर तो उडून जातो. श्वास धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा, असे सकाळभर चाले. नदीवर धुके असले की तिला आनंद होई, कारण दमट हवेत वर्ख चांगला धरतो. शेवटी कुत्र्याच्या दाताने घोटले की सोने आरशासारखे होई.

त्या वेळात त्यांच्या घरात शिंकायला बंदी होती. मी एकदा उंबऱ्यात शिंकलो आणि अर्धा वर्ख उडून राउलेच्या भुवईला चिकटला. तिने त्याला हलू दिले नाही. ओल्या कुंचल्याने तो अलगद काढला आणि एका संताच्या डोक्यामागे लावला. मला म्हणाली, "भाऊजी, संताला चालतं. याच्या भुवईवर वायाच गेला असता."

ज्या पुस्तकाची ही गोष्ट, ते जहागीरदारांनी आपल्या होणाऱ्या पत्नीसाठी सांगितले होते. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाला लग्न आणि त्या दिवशी पुस्तक तिच्या हातात पडायला हवे होते. मजकूर जुनाच होता. त्यांच्या आजोबांच्या वेळच्या एका पोथीतली प्रेमकथा. एक सरदार आपल्या प्रियेचा निरोप घेऊन सात वर्षे परमुलुखात जातो. परत येतो तेव्हा रात्र असते, ती वाट पाहता पाहता झोपलेली असते. तो तिला उठवत नाही. उशाशी अंगठी ठेवून निघून जातो. बायका हे वाचून रडतात. मी ती कथा आयुष्यात तीनदा नकलली आहे, मला रडू आले नव्हते.

मजकूर जुना, पण चित्रे नवी हवी होती. जहागीरदार तरुण होते, फ्लँडर्समध्ये दोन वर्षे राहून आले होते, आणि तिथली चित्रे पाहून त्यांची नजर बदलली होती. त्यांचे कारभारी ओझिए यांनी राउलेला गढीवर बोलावून समजावले. आजोबांच्या पोथीत रात्र काय, दिवस काय, सगळे सोन्यानेच झगमगते. मालकांना रात्र रात्रीसारखी हवी. सूर्य असेल तर एका बाजूला असावा, झाडाची सावली दुसऱ्या बाजूला पडावी. दिवा असेल तर जिथवर पोचतो तिथवरच दिसावे. वर्ख नको. ओझिएंनी बारा चित्रांची यादी करून माझ्याकडे पाठवली. तिच्यावरून सूचना लिहायच्या होत्या.

राउलेने ते मनावर घेतले. भर दुपारी तो खिडक्यांची दारे लावून खोली अंधारी करी, मेणबत्ती पेटवी, तिवईवर एखादे फडके टाकी आणि कुठली घडी उजळते, कुठली काळी राहते, ते बघत बसे. नव्या पद्धतीत सोने लागते, पण वेगळे. वर्ख मधात खलून पूड करायची, पाण्याने धुवायची, शिंपल्यात डिंकावर कालवायची आणि कुंचल्याने केसाएवढ्या रेघा ओढायच्या. गवताच्या पात्यावर एक रेघ, विहिरीच्या काठावर दोन. ते राउलेच करी. वाफ लागत नाही, घोटावे लागत नाही.

तोमीन खिडकीशी बसून असे. खोकला तिला हिवाळ्याच्या तोंडावर, सर्व संतांच्या सणाला लागला होता आणि तो गेला नाही. एकदा मी पाने द्यायला गेलो तर तिच्या मांडीवर कुत्र्याचा दात होता आणि तो आधीच स्वच्छ असूनही ती त्याला पदराने पुसत होती. आत अंधारात राउले मेणबत्ती इकडची तिकडे ठेवत होता.

"तेवीस वर्षं या घरात उजेड मी लावला," ती मला म्हणाली, आतल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "आता हा तिवईला विचारतोय, उजेड कसा असतो म्हणून."

"तिवई खोकत नाही," राउले आतून म्हणाला.

ती हसली, आणि हसण्याने खोकला आला.

अकरा चित्रे अशी झाली. बाराव्याचे पान मी ख्रिसमसनंतर लिहिले. बारावे म्हणजे शेवटचे, झोपलेल्या प्रियेचे. थंडी होती, शाई घट्ट होत होती, आणि मला पुस्तक संपवायची घाई होती. यादी माझ्या पेटीत होती. समोर आजोबांची पोथी उघडी होती, आणि तिच्या समासातली जुनी सूचना कुणी पुसलीच नव्हती. साठ वर्षांपूर्वीच्या कुणा लेखनिकाचा आळस. नकलणाऱ्याचा हात जे दिसते ते उतरवतो, अर्थ डोक्यात शिरायच्या आत. मी मजकूर उतरवला, चौकोन सोडला, आणि खाली शिशाने लिहिले, "मागे सोने, पलंगावर स्त्री, पायथ्याशी सरदार." अक्षर सुरेख आले होते. पान राउलेला दिले.

दोन दिवसांनी तोमीन माझ्या दाराशी आली. भिंतीला हात टेकून उभी राहिली, पण चेहरा उजळला होता.

"भाऊजी, तुम्हाला तर माहीतच असेल. बाराव्यात मालकांनी माझं सोनं मागितलंय."

मी म्हणालो की, कागदोपत्री असेल तर असेल, मी लिहून विसरतो.

"अकरा चित्रं बघून त्यांना कळलं असेल," ती म्हणाली. "उजेड नुसता काढून भागत नाही. शेवटी लावावाच लागतो."

तिला वाचता येत नव्हते. तिला हे राउलेने सांगितले होते. त्याच वेळी मी पेटी उघडून यादी बघायला हवी होती. माझ्या दारापासून पेटी चार पावलांवर होती. मी बघितली नाही, कारण मला तिच्यासाठी बरे वाटले.

एरवी एवढी पार्श्वभूमी ती एका सकाळीत उरकायची. या वेळी नऊ लागल्या. मी रोज शाई आणण्याच्या निमित्ताने जाऊन बघत होतो. नळीतून वाफ सोडायला छाती भरावी लागते, आणि तिची छाती भरतच नव्हती. नखाएवढ्या जागेवर ती सहा-सहा वेळा श्वास सोडायची, वर्ख टेकवायची, मग मान खाली घालून थांबायची. खोकल्याची उबळ यायची चाहूल लागली की आधी वर्ख ठेवायच्या छोट्या गादीवर वाडगा पालथा घालायची आणि मग खोकायची. नऊ दिवसांत एकही वर्ख उडाला नाही. चौथ्या दिवशी राउले म्हणाला की वाफ मी सोडतो, तू फक्त वर्ख ठेव.

"तुझ्या तोंडाला कांद्याचा वास येतो," ती म्हणाली. "प्रिया जागी होईल ना."

नवव्या सकाळी तिने घोटून दात खाली ठेवला. पलंगाच्या मागची सगळी जागा, छतापर्यंत, एकसंध सोन्याची झाली होती. मी ते पान तिरके धरून बघितले, आणि माझा चेहरा त्यात दिसला. मेणबत्त्यांच्या सणाला ती देवळात गेली नाही. शेजारणीने तिची मेणबत्ती मंतरून आणली. ईस्टरआधीच्या उपासाच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली.

राउलेने त्यानंतर महिनाभर कुंचला धरला नाही. बाराव्या पानाचे रंग राहिलेच होते. ईस्टर उलटल्यावरच्या मंगळवारी ओझिए पाने बघायला आले. चांगला माणूस होता, शिस्तीचा. दुःखाचे चार शब्द बोलून त्यांनी पाने टेबलावर ओळीने मांडली. एका चित्रातला विहिरीमागून उगवणारा सूर्य बघून ते बराच वेळ थांबले. मग बाराव्यापाशी आले आणि त्यांनी पान उचलले. खिडकीचा उजेड सोन्यावर पडून त्यांच्या हनुवटीखाली पिवळा पट्टा उमटला.

"हे काय?" ते म्हणाले. "इथे रात्र होती ना? जमिनीवर एक दिवा."

ओझिएंनी पान डोळ्यांजवळ नेले आणि समासातली ओळ वाचली. मग माझ्याकडे बघितले. माझे अक्षर ते ओळखत होते.

मी घरी जाऊन यादी आणली. बारावी ओळ: "रात्र. जमिनीवर दिवा एकच. तिच्या गालावर उजेड, त्याचे तोंड अंधारात." मी म्हणालो की चूक माझी आहे, जुन्या पोथीतले उतरले. ओझिए रागावले नाहीत. उलट त्यांनी विचारले की असे ठेवता येईल का. मग स्वतःच मान हलवली. अकरा चित्रांत उजेड कुठूनतरी येतो आणि बाराव्यात सगळीकडून, हे मालकांना पहिल्याच नजरेत खटकेल. पेंटेकॉस्टपर्यंत सहा आठवडे होते. पान कसे दुरुस्त करायचे ते आम्ही ठरवावे, एवढे सांगून ते गेले.

ते गेल्यावर मी राउलेला सांगितले की काळजी करू नकोस. मी दुसरे चर्मपत्र घेतो, त्याच जातीचे माझ्याकडे आहे. मधोमध दुमडलेले जोडपान असल्यामुळे चार बाजू पुन्हा लिहाव्या लागतील, पाच दिवसांचे काम आहे, सहा धर. तू त्यावर रात्र काढ. हे पान तुझ्याकडे ठेव. तिच्या हातचे शेवटचे आहे. मी हे सगळे फार भराभर बोललो असणार, कारण त्याने हात वर करून मला थांबवले.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

मला वाटले तो माझ्या चुकीबद्दल बोलतोय, म्हणजे आज पान बघून त्याच्या लक्षात आले असे. म्हणून मी पुन्हा माफी मागितली.

"आज नाही रे. तू पान दिलंस त्याच दिवशी. गढीवर मी स्वतः उभा होतो. ओझिएंनी दिवा कुठं ठेवायचा ते बोटानं दाखवलं होतं मला. तुझी ओळ वाचली आणि कळलं, झर्वे झोपेत लिहून गेला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्याकडे यायलाच निघालो होतो. ती खिडकीशी बसली होती. मला विचारलं, काय लिहिलंय. रोज विचारायची, आणि अकरा वेळा मी सांगितलं होतं, तुझं काही नाही." त्याने पान पालथे घातले. "बाराव्यांदा म्हटलं, सोनं लिहिलंय."

मग मी पुन्हा पहिल्याच मुद्द्यावर आलो. तर मग ठेवच हे पान, म्हणालो. चूक माझी असो की तुझी, काम तिचे आहे.

"तिनं सोनं पेटीत ठेवण्यासाठी लावलं नव्हतं. पुस्तकात जाणार म्हणून लावलं. नऊ दिवस, झर्वे. मी खोटं बोललो म्हणून ती नऊ दिवस त्या थंड खिडकीत बसली. अंथरुणात राहिली असती तर कदाचित ईस्टर बघितला असता. हे पान घरात ठेवलं तर मी रोज तेच मोजत बसेन."

मी म्हणालो की वैद्याने तसे म्हटले नव्हते. तो म्हणाला, वैद्याला विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावले. खिडक्या लावल्या होत्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या, वाऱ्याची झुळूक आत येऊ नये म्हणून. खिडकीचे एक दार किलकिले ठेवून तेवढाच उजेड घेतला होता. मी मोठे कोरे चर्मपत्र पानाच्या खाली दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. राउलेने तोमीनचीच सुरी घेतली आणि वरच्या कोपऱ्यापासून सोने खरवडायला सुरुवात केली. आवाज अगदी बारीक येतो, वाळलेल्या पानावरून उंदीर गेल्यासारखा. लेपाची तांबडी पूड आणि तिच्यात सोन्याचे कण माझ्या हातांतल्या चर्मपत्रावर पडत राहिले. आम्ही दोघेही श्वास रोखत होतो. सवयच होती त्या घरात.

सोने चिवट निघाले. इतर कामांत वर्ख पापुद्र्यासारखा सुटतो. हे सुटेना. एका ठिकाणी तो थांबला आणि म्हणाला, "सहा-सहा वेळा वाफ सोडायची. धरणारच की." मग पुन्हा खरवडू लागला. दुपारपर्यंत चौकोन मोकळा झाला. त्याने पान किलकिल्या खिडकीसमोर धरले. खरवडून कातडे तिथे पातळ झाले होते. उजेड आरपार आला, आणि मागच्या बाजूला मी लिहिलेला अंगठी ठेवून जाण्याचा प्रसंग उलट्या अक्षरांत पलंगामागे उमटला. त्याने पान खाली ठेवले.

पूड आम्ही फेकली नाही. तो काय करणार हे मला तोवर कळले होते. त्याने ती खलात घेतली, मध घातला, मीठ घातले आणि दोन दिवस खलली. मग पाण्याने धुतली, निवळू दिली, पुन्हा धुतली. सोने जड, ते तळाला बसते. पण शिशाचा सफेदाही जड असतो. कितीही धुतले तरी थोडा राहतोच, थोडी तांबडी मातीही. शिंपल्यात शेवटी जे जमले ते चमकत होते, पण मंद, पितळेच्या जुन्या भांड्यासारखे. घरात नवा वर्ख शिल्लक होता. त्याने त्याला हात लावला नाही.

चित्र त्याने तीन आठवड्यांत केले. त्या काळात मी जाई तेव्हा खोली नेहमी अंधारी असे आणि मेणबत्ती जमिनीवर, त्यांच्या पलंगाजवळ ठेवलेली असे. पलंग रिकामा होता. तो उशीकडे बघून रंगवत होता. आजारपणात तिचा दिवा खालीच ठेवत असत, डोळ्यांवर येऊ नये म्हणून. तेव्हा उजेड खालून वर चढतो, हनुवटी आणि गालाचा कडेचा भाग उजळतो, डोळ्यांच्या खोबणीत काळोख राहतो. चित्रातल्या प्रियेच्या तोंडावर त्याने हुबेहूब तेच केले. तोंड तोमीनचे नव्हते. उजेड तिच्यावरचा होता. भिंतीवर सरदाराची भली मोठी सावली, त्याचे तोंड अंधारात. शिंपल्यातल्या सोन्याच्या रेघा चादरीच्या घड्यांवर, पडद्याच्या काठावर, उशीवर उघड्या पडलेल्या हातावर. जितक्या दूर, तितक्या विरळ.

ओझिए पेंटेकॉस्टच्या आधी दहा दिवस आले. बाराव्यापाशी ते पुन्हा थांबले. चित्र त्यांना आवडले हे दिसत होते. मग त्यांनी विहिरीच्या चित्रातले सोने बघितले, परत हे बघितले.

"इथलं सोनं जरा मंद वाटतं," ते म्हणाले. "चांगलं कमी पडलं का? गढीवरून पाठवतो. दोन दिवसांत वरून फिरवता येईल."

"नको," राउले म्हणाला. "तिनं सात वर्षं वाट बघितलीय, कारभारीसाहेब. दिव्यातलं तेल संपत आलंय."

ओझिएंनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. मालकांना हे सांगतो, त्यांना आवडेल, असे म्हणाले. आवडलेही असेल. पुस्तक लग्नाच्या दिवशी गढीवर गेले ते पुन्हा खाली आले नाही.

बांधणाऱ्याकडे पाने नेण्याआधीच्या सकाळी मी पावाचा गर घेऊन बसलो आणि समासांतल्या सूचना पुसल्या. अकरा लगेच गेल्या. बारावीचे शिसे गेले, पण ती लिहिताना थंडीने हात जड होता, मी कांडी दाबून ओढली होती. अक्षरांची खाच चर्मपत्रात राहिली. पान उजेडाला तिरके धरले की "मागे सोने" एवढे वाचता येत होते. राउले शेजारी उभा होता. मी त्याला विचारले की सुरीने खरवडून टाकू का.

"राहू दे," तो म्हणाला, आणि पान बाकीच्यांवर ठेवले.